तिघांची चाल

बसणं

भांडी घासून झाली, दाराला कडी लागली. आता दोघं चटईवर बसा. तिच्या पाठीला भिंत असू दे, कमरेमागं उशी. मांडी घालवत नसेल तर पाय पसरू देत. त्यानं तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असं बसावं. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे. एकानं वाचावं, दुसऱ्यानं ऐकावं, आणि जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबावं.

आधी नुसतं ऐका. मीरा रोडच्या आपल्या पेणकरपाड्यात रात्रसुद्धा निःशब्द नसते. चेक नाका ओलांडून काशिमिऱ्याकडं निघालेल्या ट्रकांची घरघर येते. वाऱ्याची दिशा बदलली की लोकलचा भोंगाही येतो. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवतं. आणि महामार्गाच्या पलीकडं, पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचा काळोख, आणि त्यातलं एकही झाड घाईत नाही. आपलं घर या दोहोंच्या शेजारी आहे. एका कानाला रस्ता, दुसऱ्या कानाला रान.

आता श्वासाकडं या. तो ओढू नका, लांबवू नका. येतोय, जातोय, एवढंच पाहा.

त्यानं हात तिच्या पोटावर ठेवावा, तिला चालत असेल तर. तिथं तिसरं हृदय आहे. ते मिनिटाला 110 ते 160 ठोके देतं, तुमच्या दोघांपेक्षा कितीतरी भराभर. घरातलं सगळ्यात लहान माणूस सगळ्यात वेगानं धडधडतं आहे. आणि तरी जगात यायला ते शेवटच्या पाळीपासून मोजले तर 280 दिवस घेतं, चाळीस आठवडे. एवढी धडधड आणि एवढी सबुरी एकाच जिवात आहे.

या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवा. थोडा वेळ तसेच बसा.

चालणं

उद्या ऊन उतरलं की दोघं बाहेर पडा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर रोजचं अर्धा तास चालणं दोन जिवांच्या बाईला मानवतं. पायात सपाट चप्पल, हातात पाण्याची बाटली. गल्लीतून निघा, रिक्षांच्या रांगेच्या कडेनं, भाजीवाल्यांसमोरून.

आता आपापल्या पायांकडं पाहा. कोण पुढं आहे?

मी या पाड्यात एकोणतीस वर्षं राहते. पहिल्या खेपेच्या सहाव्या महिन्यात आम्ही दोघं असेच बाजारात निघालो होतो. यांची चाल आधीपासून झपझप. बोलत बोलत ते पुढं गेले. मी मेथीच्या जुडीशी थांबले होते, दम लागला होता. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्यांना कळलं की आपण एकटेच बोलतोय. ते वळले, परत आले, काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्या अर्धं पाऊल मागून चालू लागले. बाळासाठी आमच्या घरात झालेली पहिली तयारी ती होती. पाळणा, झबली, औषधं सगळं त्यानंतर आलं.

वारीत दिंडीबरोबर निघालेला माणूस दिंडी सोडून पुढं धावत नाही. आधी पोचण्यात त्याला मोठेपणा वाटत नाही. ज्याचा पाय सगळ्यात सावकाश, त्याला धरून बाकीचे चालतात. मूल झालं की घराची अशीच दिंडी होते. वर्षभरानं ते भिंत धरून उभं राहील, मग चार पावलं टाकील, आणि तुम्हाला कुठंही पोचायला तिप्पट वेळ लागेल. त्या चालीचा सराव आत्ता सुरू करता येतो.

चालता चालता त्यानं एवढंच करावं: आपला पाय तिच्या पायाबरोबर पडू द्यावा. आणि तिनं एवढंच: दमली की "थांब जरा" असं मोठ्यानं म्हणावं. मनात म्हटलेलं "थांब" कुणाला ऐकू जात नाही.

ओलांडणं

चौथा महिना सरतो, मळमळ उतरते, तोंडाला चव येते. आणि तिला कुठंतरी जावंसं वाटतं. कुणाला चिंच लागते, कुणाला माती, कुणाला समुद्र. प्रवास हाही डोहाळाच आहे. तो पुरवावा.

प्रवासाला साधारण चौदावा ते अठ्ठाविसावा आठवडा बरा मानतात. त्याआधी उलट्या आणि गर्भपाताची धास्ती असते, त्यानंतर शरीर जड होतं आणि वेळेआधी कळा सुरू होण्याची शक्यता वाढते. पण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. रक्तस्राव झाला असेल, रक्तदाब चढा असेल, वार खाली असेल किंवा जुळं असेल, तर या खेपेला घरच बरं. त्यात काही हरवत नाही.

लांब जायलाच हवं असंही नाही. एखाद्या रविवारी दुपारी, गर्दी नसताना, मीरा रोडहून विरारकडची गाडी धरा. दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करायला गर्भवतींना परवानगी आहे. तिथं बसायला संकोचू नका, फक्त तपासणीची फाइल जवळ ठेवा. भाईंदर सुटलं की गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर येते. चाकांचा आवाज बदलतो, खारा वारा आत येतो, खाली पाणजू बेटाची हिरवळ दिसते.

इथं डोळे मिटा, किंवा उघडे ठेवून खाडीकडं पाहा. हे पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. भरती संपून ओहोटी लागण्याआधी ते थोडा वेळ कुठंच जात नाही. होड्या निवांत डुलतात. तुम्ही दोघं आत्ता त्या घडीला आहात. दोघांचंच असलेलं आयुष्य भरून आलं आहे, तिघांचं अजून सुरू व्हायचं आहे. या मधल्या घडीला नाव द्यायची गरज नाही. पूल संपेपर्यंत तिच्यात राहा.

पुढं वसईला उतरलात तर रिक्षानं किल्ल्यात जा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, हे शाळेत पाठ केलेलं असतं. आज बुरुजावर चढायचा हट्ट नको, पायऱ्या झिजलेल्या आहेत. खाली झाडाच्या सावलीत बसा. घरून आणलेली दशमी खा.

प्रवास मोठा असेल तर काही गोष्टी अंगवळणी पाडा. गरोदरपणात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला. पाणी पीत राहा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका. मोटारीत पट्टा लावाच: खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वरून, आणि तिरका दोन्ही स्तनांच्या मधून. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी नको. आगगाडीचं आरक्षण करताना गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो मागा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र बरोबर ठेवा. एसटीत 17 मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. वाचलेल्या पैशांत वाटेत शहाळं घ्या.

टेकणं

दुसरा एखादा दिवस गोराईच्या पॅगोडासाठी ठेवा. भाईंदरहून उत्तनच्या रस्त्यानं तिथं जाता येतं. मिठागरं आणि कोळीवाडे मागं टाकत रस्ता समुद्राच्या अंगानं जातो. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका विपश्यना घेऊन भारतात आले, त्यांच्या कामातून ही वास्तू उभी राहिली. 8 फेब्रुवारी 2009 रोजी तिचं उद्घाटन झालं. आतलं सभागृह सुमारे 280 फूट रुंद आहे, एका वेळी आठ हजार माणसं तिथं ध्यानाला बसू शकतात, आणि एवढ्या मोठ्या घुमटाला आत एकही खांब नाही. दगडात दगड अडकवला आहे. प्रत्येक दगड शेजारच्यावर टेकला आहे आणि प्रत्येकानं शेजारचा पेलला आहे.

पॅगोडाच्या आवारात एखादी सावली शोधून बसा. तिची पाठ त्याच्या पाठीला टेकू द्या.

आता मनात त्या घुमटाचा एक दगड आणा. तो पडत नाही याचं कारण त्याचं बळ एकट्याचं नाही. तो टेकला आहे. टेकणं म्हणजे दुबळेपण असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलं आहे. बाईनं नऊ महिने सगळं उरकत राहावं, पुरुषानं डोळ्यांत पाणी आणू नये, असं आपण बघत आलो. या नऊ महिन्यांत ते बाजूला ठेवा. तिनं कपडे वाळत घालायचं काम त्याच्यावर टेकवावं. त्यानं आपली काळजी तिच्यावर टेकवावी: पगार पुरेल का, मला बाळ उचलता येईल का.

मीरा-भाईंदर हे मुख्यतः बाहेरून आलेल्यांचं शहर आहे. पेणकरपाड्यातल्या कितीतरी घरांत नवरा-बायको दोघंच असतात. सासू गावी, आई दुसऱ्या गावी. माहेरवाटेला एसटीची रात्र लागते. अशा घरात टेकायला दोघांना दोघंच उरतात. म्हणून तिसरा, चौथा खांदाही आत्ताच हेरून ठेवा. शेजारच्या काकू, आशाताई, अंगणवाडीतल्या बाई, रात्री-अपरात्री फोन घेईल असा एक मित्र. त्यांची नावं मनात एकेक करून घ्या. प्रत्येक नावासोबत एक श्वास.

भरणं

आपल्या भाषेत या महिन्यांतली निम्मी कामं "भरणं" या एका शब्दात मावतात. ओटी भरायची, बॅग भरायची, फॉर्म भरायचे. एकेक हळूच हातात घेऊ.

ओटी आधी. काही घरांत पाचव्या महिन्यात चोरओटी भरतात, सातव्यात डोहाळजेवण होतं. फुलांची वाडी, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, पंचपक्वान्नं. नातेवाईक लांब असतील तर बिल्डिंगमधल्या पाच बायका पुरतात. ओटीत पडतात ते तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. ते झेलताना तिनं क्षणभर त्यांचं वजन जाणवू द्यावं. ज्या बायका हे ओतत आहेत त्यांपैकी कितीजणींनी आपापली बाळंतपणं एकटीनं निभावली असतील. आपला धीर त्या हिच्या पदरात घालत आहेत.

मग बॅग. बाळ जन्मायच्या आधी नवं काही आणू नये, असं पुष्कळ घरांत मानतात. त्यांचं मन दुखवू नका. जुने, मऊ झालेले, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेले कपडेच तान्ह्याला बरे: झबली, टोपडी, लंगोट, दुपटी. आईच्या किंवा सासूच्या जुन्या साडीची गोधडी मिळाली तर फार चांगलं. बॅगेत तिचा पुढून उघडणारा गाऊन, पॅड, फाइल, आधार कार्ड, थर्मास, चार्जर. छत्तिसावा आठवडा लागायच्या आत ती दाराशी ठेवा. त्यानं स्वतः भरावी. कुठलं दुपटं कुठं आहे हे त्या रात्री तिला विचारायची वेळ येऊ नये.

आणि फॉर्म. हे काम रुक्ष वाटतं, पण त्यातही माया आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लवकरात लवकर नाव नोंदवा, माता-बाल कार्ड घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी यांना पैसे पडत नाहीत. ती नोकरी करत असेल तर कायद्यानं, 2017 च्या दुरुस्तीनंतर, आधीची मुलं दोनपेक्षा कमी असतील तर 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. त्याच्यासाठी केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस आहेत. खासगी नोकरीत मात्र कायद्याचा आधार नाही. म्हणून त्यानं आजपासूनच आपल्या रजा साठवाव्यात. लोणच्याच्या बरणीसारख्या, झाकून.

भरून झालं की दोन्ही हात रिकामे करून मांडीवर ठेवा. थोडा वेळ काहीही धरू नका.

सांगणं

आता अवघड भाग. दिवा मंद करा.

दोघांनी एकमेकांना एकेक भीती सांगायची आहे. एकच. ऐकणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, "काही होत नाही गं" म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं.

त्याआधी एक गोष्ट. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणला, 1865 मध्ये जन्मलेली एक मुलगी वाढली. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी ती आई झाली, आणि तिचं बाळ दहा दिवस जगलं. त्या दुःखानं तिला बोटीत बसवलं. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या, 1886 मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण मनात असू द्या. भीती वाटणं म्हणजे अपशकुन नव्हे. भीती बोलून दाखवली की तिच्यातून कामाची गोष्ट निघते.

तर कामाच्या गोष्टी दोघांनाही पाठ हव्यात. अंगावरून रक्त जाणं. पाणी जाणं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, तोंड-हात सुजणं. पोटात असह्य दुखणं. बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवू लागते. आधी फुलपाखरासारखी, मग मासोळीसारखी, मग चक्क लाथ. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. म्हणून सांगणं फक्त एकमेकांना नको. त्यानं रोज रात्री पोटाशी तोंड नेऊन दोन वाक्यं बोलावीत. मोठं काही नको. आज गाडी किती उशिरा आली, भाजी काय केली, बाहेर पाऊस कसा पडतोय. बाळाला शब्द कळणार नाहीत, आवाज ओळखीचा होईल.

आणि ते मुलगा आहे की मुलगी, हे कुणाला विचारू नका. 1994 चा कायदा ते विचारायला मनाई करतो. पण कायदा नसता तरीही विचारू नका. येणाऱ्याला न विचारता दार उघडणं हे आपलं आतिथ्य आहे.

निघणं

या महिन्यांतला शेवटचा प्रवास छोटाच असतो, घरापासून रुग्णालयापर्यंत. त्याची रंगीत तालीम करा. एकदा भर संध्याकाळी जा, महामार्गावर आणि नाक्यावर गाड्या तुंबलेल्या असताना. एकदा रात्री दोनला जा. कुठल्या वाटेनं किती मिनिटं लागतात ते घड्याळात पाहून कागदावर लिहा. कागद फ्रिजवर लावा. त्याखाली 108 आणि 102 लिहा, ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर लिहा. रुग्णालयात विचारून ठेवा: कळांच्या वेळी जवळचं माणूस थांबू देतात का? जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या आपल्या शिफारशींत, बाईला हवा तो सोबती प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ असावा, असं म्हटलं आहे. तिला कोण हवं, हे तिनं ठरवावं. आई असेल, बहीण असेल, नवरा असेल.

बाळंतपण माहेरी ठरलं असेल तर तो प्रवासही शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. आणि त्यानं तिला पोचवून परत फिरताना घर रिकामं लागेल, त्याची तयारी ठेवावी. त्या दिवसांत त्यानं वरण-भात, मऊ खिचडी, आळिवाची खीर करायला शिकावं. ती बाळाला घेऊन परत येईल तेव्हा तिच्या हातात त्यानं केलेलं ताट यावं.

आता पुन्हा भिंतीला टेका. शेवटचं एकदा डोळे मिटा.

मनात ती रात्र येऊ द्या. कळ येते, जाते, पुन्हा येते. दिवा लागतो. बॅग दाराशी आहे. जिना उतरताना एक हात कठड्यावर आहे, एक त्याच्या खांद्यावर. रस्त्यावर नेहमीचेच ट्रक आहेत, नेहमीचीच धावपळ. तुम्ही दोघं त्यातून आपल्या चालीनं चालत रिक्षापर्यंत जाता. तिची कळ येते तेव्हा थांबता, ओसरते तेव्हा पुढं पाऊल टाकता. हे तुम्हाला येतं. महिनोन्महिने हेच तर केलंत: भाजीवाल्यासमोर, खाडीच्या पुलावर, या चटईवर.

आपल्याकडं घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत. उंबऱ्याशी वळून "येतो" म्हणतात. त्या रात्रीही घाईत ते विसरू नका. दाराला कुलूप लावा, रिकाम्या घराकडं बघा, आणि दोघांनी मिळून म्हणा: येतो आम्ही. तिघं.